काकू, त्या 'तुम्ही'साठी

प्रिय काकू,

सलाम.

हे तुमच्या घरी येऊन वाचून दाखवलं असतं तर दुसऱ्याच ओळीला तुम्ही "पुरे वं, चहा ठेव" म्हणून उठला असता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. नागपूरच्या सदर भागातल्या आपल्या चर्चच्या मंडळीतले लोक तसेही ओळखतीलच.

गेल्या वर्षीचा मे. मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला त्या दिवशी पारा 45च्या वर होता. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, व्हरांड्यात चटई टाकून आम्ही आळीपाळीने रात्री काढत होतो. त्याच आठवड्यात मला कळलं की यांची हिंगण्याची नोकरी महिन्याभरापूर्वीच गेली होती. हे रोज सकाळी माझ्याकडून डबा घेऊन निघायचे आणि अंबाझरीच्या काठावर जाऊन बसायचे. डबा रिकामा यायचा, म्हणून मला शंकाही आली नाही. वर पतसंस्थेचं कर्ज. आणि घराच्या हिश्श्यावरून जाऊबाईंशी बोलणं बंद होऊन वर्ष झालेलं.

अशा वेळी माणूस कोणाचंही ऐकतो. कोणीतरी एका प्रार्थना करणाऱ्या भाऊंना घरी आणलं. ते खोल्याखोल्यांतून फिरले, तेल लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, घरातल्याच एका बाईने हे घर बांधून ठेवलंय. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, माझ्या डोक्यात ते आधीच होतं. बंधन तोडायला तीन बैठका लागतील, आणि प्रत्येक बैठकीला दान.

दुसऱ्या बैठकीसाठी मी कानातले मोडायला निघाले होते, आणि तुम्ही व्हरांड्यात येऊन उभ्या राहिलात. हातात पोळी-भाजीचा डबा, खांद्याला ती जुनी शबनम. मी तुम्हाला सगळं सांगितलं. खरं तर तुम्ही माझ्या बाजूने चिडाल अशी आशा होती. तुम्ही विचारलं, "मामंजींची बीपीची गोळी दिली का?" मी विसरले होते. चाळीस वर्षं नर्सिंग केलेली बाई तुम्ही. म्हणालात, "आपण गोळी चुकवायची अन् नाव सैतानाचं घालायचं, असं नाही चालत."

हे वाचून कोणाला वाटेल की तुम्ही सैतान-बितान मानत नाही. तुमच्या शेजारी झोपून बघावं म्हणावं. रात्री दोनला उठून तुम्ही ज्या आवाजात त्याला येशूच्या नावाने हाकलता, त्याने व्हरांड्यातले चार नातेवाईक दचकून बसले होते. तुम्ही त्याला माझ्यापेक्षा जास्त खरा मानता. म्हणूनच प्रत्येक गोष्ट त्याच्या खात्यावर टाकायला तुमची तयारी नसते.

त्या रात्री तुम्ही बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय काढलात. देवाच्या शस्त्रसामग्रीचा उतारा, सत्याचा कंबरपट्टा, विश्वासाची ढाल, वचनाची तरवार, मला संडे स्कूलपासून पाठ. पुठ्ठ्याचं शिरस्त्राण घालून ख्रिसमसला म्हटलाही होता. तुम्ही मला ढाल-तरवारीपर्यंत जाऊच दिलं नाही. आधीच्याच ओळीवर बोट ठेवलंत: आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे. "तुझी जाऊ काय आहे? रक्तमांस ना? मग तिचं नाव यादीतून काढ." मला फार राग आला होता, काकू. आज कबूल करते.

मग कंबरपट्टा. पौलाने यादीत सत्य पहिलं ठेवलंय, हे मी इतक्या वेळा म्हणूनही कधी लक्षात घेतलं नव्हतं. तुम्ही यांना बोलावलंत, व्हरांड्याच्या टोकाला नेलंत, आणि अर्ध्या तासाने हे माझ्यासमोर येऊन कर्जाचा खरा आकडा बोलले. मी ओरडले, रडले. तुम्ही मेडिकल चौकातून तीन कट चहा मागवलेत. त्या रात्री आमच्या घरातली एक गोष्ट तरी अंधारातून बाहेर आली. भाऊंच्या तेलाने ते झालं नव्हतं.

तरवारीचंही तुमचं वेगळंच. मी मोबाइलवर आलेली वचनं शंभर जणांना पुढे पाठवायचे, त्यालाच लढाई समजायचे. तुम्ही म्हणालात, वचन तर सैतानालाही येतं, मंदिराच्या शिखरावर त्याने येशूला 91वं स्तोत्रच म्हणून दाखवलं. आणि येशूने तिन्ही वेळा उत्तर दिलं ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून, दोनच अध्यायांतलं. "तुला सगळं बायबल नको. चार वचनं घे, पण पक्की घे." लाइटच्या बिलाच्या मागे दोन रकाने पाडायला लावलेत. डावीकडे, रात्री मनात काय येतं ते. 'तू वाईट सून आहेस.' 'हे पुन्हा खोटं बोलतील.' 'देवाने तुम्हाला सोडलंय.' उजवीकडे, त्याला उत्तर. शेवटच्या ओळीसमोर मला काहीच सुचेना, तेव्हा तुम्ही तुमच्या अक्षरात लिहिलंत, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' ते बिल अजून बायबलमध्ये आहे. रक्कम भरली, काळजी नको.

बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याचं मात्र मी चुकीचं धरून बसले. त्याच्या प्रार्थनेचं उत्तर 21 दिवस अडलं होतं म्हणून मीही कॅलेंडरवर 21 खुणा केल्या. एकविसाव्या दिवशी काहीच झालं नाही. मामंजींचा उजवा हात तसाच पडून. मी फोनवर तुमच्याशी भांडले. तुम्ही म्हणालात, "त्याचे 21 होते. तुझे किती, मला काऊन माहीत असणार?" आणि फोन ठेवला नाहीत. पाऊण तास मी बोलत राहिले.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ती गोष्ट वेगळीच. मी तुम्हाला म्हटलं होतं, काकू, माझ्याच्याने नाही होत, मला शुक्रवारचा उपासही धरवत नाही, चक्कर येते. मला वाटलं तुम्ही विश्वास कमी पडला म्हणाल. भाऊ तसंच म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "मग तू जेव. उपास मी धरते." लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात दुखले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरले, पण त्याआधी त्याला बसायला दगड आणून दिला, हे तुम्ही मला डब्यातली भाजी वाढता वाढता सांगितलंत.

आणि मग तुम्ही तो 'तुम्ही' दाखवलात. मराठीत तुम्ही म्हणजे आदराने बोलावलेला एकटा माणूसही होतो. इतकी वर्षं मला वाटायचं की 'धारण करा', 'उभे राहा' हे पौल मला एकटीलाच, जरा मानाने सांगतोय. "मान कसला वं, मंडळीला लिहिलंय त्याने. पुष्कळ जणांना." पाळकसाहेबांनी नंतर बायबल अभ्यासात सांगितलं की ढालीसाठी मूळ ग्रीक शब्द दारावरून आलाय, दाराएवढी ढाल. अशी ढाल शेजारच्याच्या ढालीला भिडवून उभं राहायचं. मी तेव्हा मागच्या बाकावर होते, आणि मला तुमची शबनम आठवत होती.

तेरा शुक्रवार तुम्ही उपाशी राहिलात. मी मोजले आहेत.

मामंजी ऑगस्टमध्ये गेले. यांना बुटीबोरीला काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी, पण स्लिप मला दाखवतात. जाऊबाई माझ्याशी लाइट आणि पाण्याच्या बिलापुरत्या बोलतात. तुमच्या सांगण्यावरून रोज आधी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. सुरुवातीला दात खाऊन करायचे, आता नुसतीच करते. मातीच्या दिवशी त्यांनी न विचारता माझ्या लेकाला भरवलं होतं.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन या महिन्यात ठरलंय, हे तुमच्या मुलीकडून कळलं. तुम्ही सांगितलं नाहीत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या, आणि शुक्रवारी नीट जेवायचं. उपास मी धरलाय. जाऊबाईंनाही विचारलं, त्या नुसतं "बघते" म्हणाल्या.

तुमची,
व्हरांड्यातली