वाडीतल्या बाळासाठी मदतीचं आवाहन

सर्व ग्रामस्थ आणि मुंबईकर मंडळींना सप्रेम नमस्कार.

आपल्या वाडीतल्या एका खलाशाचं बाळ सध्या मुंबईत रुग्णालयात आहे. जन्मतःच त्याची अन्ननलिका मध्येच बंद होती आणि तिचा खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला होता. तोंडाला सारखा फेस, पहिल्याच दुधाला ठसका, अंग निळं. नर्सबाईंनी नळी घालून पाहिली तर ती साधारण १० सेंटीमीटरवर अडली. त्यांनी लगेच दूध थांबवलं, डोकं उंच ठेवलं आणि १०८ बोलावली. बाळ वाचलं ते त्यामुळे.

अन्ननलिका जोडण्याचं ऑपरेशन झालंय. पण त्याआधीच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचाही दोष निघाला, टेट्रालॉजी ऑफ फॅलॉट. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे आणि फुफ्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद आहे. अन्ननलिकेचा दोष असलेल्या दर चार बाळांमागे साधारण एकाच्या हृदयात काही ना काही दोष सापडतो. गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच हे अवयव घडत असतात. आईने काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, याचा यात काडीचा संबंध नाही. तिला कुणी असं काही बोलू नये, ही हात जोडून विनंती.

हृदयाचं ऑपरेशन बहुधा वर्षाच्या आत करावं लागेल. तोवर बाळाचं वजन वाढायला हवं, आणि जोडलेली जागा आकसली तर ती रुंद करायला पुन्हा पुन्हा मुंबई गाठावी लागेल. ऑपरेशनसाठी सरकारी योजनेत अर्ज केलाय. पण प्रवास, राहणं, जेवण, बाहेरची औषधं हे सगळं घरच्यांवरच आहे, आणि पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठेपर्यंत बापाच्या हाताला काम नाही.

जमेल तेवढी रक्कम द्या, शंभर रुपयेही चालतील. परळ-लालबागकडच्या चाकरमान्यांपैकी कुणाला आई-आजीची राहण्याची सोय करता आली तर पैशांहून मोठी मदत होईल. ऑपरेशनच्या वेळी रक्तदातेही लागतील, तयार असणाऱ्यांनी आपला रक्तगट मंडळात नोंदवावा.

आणखी एक. नवजात बाळाच्या तोंडाला फेस येत असेल, तर मध किंवा घुटी चाटवू नका, दूध पाजू नका, तडक दवाखाना गाठा.

पैसे मंडळाच्या खात्यात किंवा कार्यालयातच द्यावेत. प्रत्येकाला पावती मिळेल, हिशोब ग्रामसभेत मांडला जाईल. बाळाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नयेत.

आपले नम्र,
ग्रामविकास मंडळाचे सर्व सदस्य