घोडीला गाईचं माप लावू नका

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दर लग्नसराईत कुठं ना कुठं ऐकू येतंच की वरातीत घोडी अडून बसली, पुढं जाईचना, बिथरली. मग डीजेला दोष, फटाक्यांना दोष, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. पण मी महूच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलो, पुढची सगळी नोकरी माळव्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत झाली, त्यावरून सांगतो की यातल्या काही घोड्यांना काहीच झालेलं नसतं, त्या नुसत्या माजावर असतात, म्हणजे त्यांचे फळायचे, गाभण राहायचे दिवस असतात. आणि त्याचा त्यांना चाबूक बसतो. हे मला सहन होत नाही म्हणून लिहितोय.

खरी अडचण अशी की आपल्या इंदूरच्या आजूबाजूला गाय-म्हैस सगळ्यांना कळते, घोडी कुणाला कळत नाही, आणि जो तो घोडीला गाईचंच माप लावतो. गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या गाईवर चढते, सोट म्हणजे चिकट स्राव लोंबतो आणि साधारण दिवसभरात सगळं आटोपतं. घोडी तशी ओरडत नाही. ती शेपूट बाजूला करते, मागचे पाय फाकवून थोडी थोडी लघवी करते, मायांगाचे म्हणजे योनीचे ओठ उघडझाप करते, आणि हे एक दिवस नाही, ५ ते ७ दिवस चालतं, मग साधारण २१ दिवसांनी परत. लोकांना वाटतं उन्हाळी लागली, कुणी धने-जिऱ्याचं पाणी पाजतं, कुणी म्हणतं नखरे करतेय. अहो तिची तब्येत ठणठणीत असल्याची खूण आहे ती! दिवस मोठे व्हायला लागले की घोडी माजाला येते म्हणजे नेमकं चैत्र-वैशाखात, आपल्या लग्नांच्या तिथ्या असतात तेव्हाच. आणि उलट मार्गशीर्ष-पौषात बऱ्याच घोड्या माज दाखवतच नाहीत, तर मालक वांझ ठरवून विकून मोकळा होतो. थांबा ना जरा, फाल्गुन येऊ द्या.

आता काळजी कधी करायची. माजावर थोडा पातळ स्राव दिसला तर ठीक, पण घट्ट, पांढरा-पिवळा, पूसारखा, वास येणारा, शेपटीचे केस चिकटलेले, असं दिसलं की गर्भाशयात इन्फेक्शन समजायचं, आणि गाभण घोडीला तर कुठलाच स्राव नॉर्मल धरायचा नाही. म्हाताऱ्या वाळलेल्या घोडीत दुडकी चालताना मागून हवा ओढल्याचा आवाज येतो, त्यावर लोक हसतात, पण त्या हवेबरोबर घाण आत जाते आणि गाभ राहत नाही, मायांगाला वरच्या बाजूनं टाके घातले की काम होतं. माज महिनोन्‌महिने संपतच नाही किंवा घोडी घोड्यासारखी वागायला लागली, दुसऱ्या घोड्यांवर चढायला लागली, तर अंडाशयात गाठ असू शकते, तपासून घ्या.

जुळ्यांचंही तसंच. गाईला जुळी झाली की घरात आनंद, घोडीला मात्र जुळी बहुतेक टिकत नाहीत, गाभडते, आणि उशिरा गाभडली तर तिचाही जीव धोक्यात येतो. म्हणून घोडी लावल्यावर १४ ते १६ दिवसांच्या सुमाराला सोनोग्राफी करावी, तेव्हा त्यातला एक गर्भ काढून टाकता येतो. आठव्या-नवव्या महिन्यातच सडातून दूध ठिबकायला लागलं तर 'दुधाची चांगली निघणार' म्हणून खूष होऊ नका, वारेला (पोटातल्या शिंगराला पोसणाऱ्या जारेला) इन्फेक्शन नाहीतर जुळी, दोन्हींपैकी काहीतरी असू शकतं, शिवाय शिंगराच्या वाट्याचा चीक जमिनीवर वाया जातो. योग्य वेळी म्हणजे ११ महिन्यांच्या आसपास सडांच्या टोकावर मेणासारखे थेंब दिसले तर समजावं एक-दोन दिवसांत विणार, आणि बहुधा रात्रीच.

विताना गाईला दोन-तीन तास लागले तरी घरचे धीर धरतात. घोडीला पाणमोट फुटल्यापासून अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं, नाही आलं तर लगेच फोन करा. पांढरट-निळसर पिशवी दिसली तर ठीक. लाल, मखमलीसारखी पिशवी आधी दिसली तर वार आतून सुटलीय, शिंगराला प्राणवायू मिळत नाहीये, डॉक्टरची वाट बघू नका, ती पिशवी तिथंच कापा आणि शिंगरू ओढून काढा. शिंगरू तासाभरात उभं राहतं, दोन तासांत पितं, आणि वार तीन तासांच्या आत पडली पाहिजे. गाईची वार अर्धा दिवस अडकली तरी लोक बसून राहतात, तेच घोडीला करतात, आणि मग विष अंगात भिनून ताप येतो, खुरांच्या आत सूज येते, घोडी जन्माची लंगडी होते नाहीतर मरते. हातानं वार ओढायची नाही, वजनही बांधायचं नाही. गुंडाळून वर बांधा म्हणजे पाय पडणार नाही, आणि १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन लावा.

एक हिशोब करून बघा. वैशाखात फळलेली घोडी पुढच्या चैत्रात विते, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या लग्नांत ती भरदिवसांची असते. विल्यावर आठवडा-दहा दिवसांत परत माजावर येते, की लगेच परत लावतात, आणि वैशाखात शिंगरू तबेल्यात ठेवून तिला परत वरातीत नेतात. राजवाड्यापासून डीजेच्या मागे तीन-तीन तास उभी, पाणीसुद्धा नाही कुणी विचारत. शेवटच्या तीन महिन्यांत तिच्यावर खोगीर चढवू नये, नुसतं मोकळं फिरवावं.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांनी घोडी ठरवताना रेट विचारता तसं हेही विचारा, गाभण आहे का, कितवा महिना, नुकती विलीय का. आणि आपल्या पेपरात गाई-म्हशींवर एवढं छापून येतं, त्यात तुळशीच्या लग्नाआधी एक कोपरा घोड्यांसाठी द्या, लिहून द्यायला मी तयार आहे, पैसे नकोत.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य, इंदूर