ट्यूब बंद करा, पण माप तरी सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऱ्याच्या ट्यूबलाइटी जाणार याचं मला अजिबात दुःख नाही. २०२३ मध्ये जिनिव्हात पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाटा कराराच्या सदस्य देशांनी घराघरांतल्या साध्या फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरवलं. भारतही या करारात आहे. युरोपने तर टी-५ आणि टी-८ (ही ट्यूबच्या जाडीची मापं) ट्यूब नव्याने बाजारात आणायला २०२३च्याच ऑगस्टपासून मनाई केली. मी धंद्याने वायरमन. फुटक्या ट्यूबा घंटागाडीत कशा कोंबल्या जातात ते रोज बघतो. पारा घरातून जाईल तितका बराच. माझी तक्रार वेगळी आहे.

आमच्या डोंबिवलीत हौसेने मासे पाळणारे पुष्कळ. माझ्याकडेही एक टँक आहे, परदेशी कंपनीचा, झाकणातच दिवे बसवलेला. बाजारात सहज मिळणारी ३९ वॉटची टी-५ ट्यूब ८४९ मिलिमीटर लांब असते. या झाकणाला लागते ८९५ मिलिमीटरची, ४५ वॉटची. जाडी तीच, पिना त्याच. लांबीत फरक साडेचार सेंटीमीटरचा. हा फरक माशांसाठी नाही, गिऱ्हाईक बांधून ठेवायला आहे, असं माझं स्पष्ट मत. पाणी शिरू नये म्हणून होल्डर झाकणात पक्के बसवलेले, त्यामुळे सरकवायची सोय नाही. चोकही आत सीलबंद; त्याचं रेटिंग वाचायचं तर झाकणच फोडावं लागेल. आता ती ट्यूब कंपनीने बंद केली. दुकानदार म्हणतो, "झाकणासकट नवा एलईडी संच घ्या." म्हणजे काच शाबूत, चोक शाबूत, आणि तरी निम्मा टँक भंगारात.

मत्स्यालयाच्या खास ट्यूबना करारातून सवलत मिळाली तरी उपयोग काय? घरगुती ट्यूबची भट्टी थंडावल्यावर मूठभर हौशी लोकांसाठी काच कोण ओतणार?

शेजारी सांगतात, एलईडी ट्यूब टाक आणि मोकळा हो. टाकावी, पण काही एलईडी ट्यूब जुन्या चोकवर चालतात, तर काहींना चोक काढून थेट २३० व्होल्ट द्यावे लागतात. खोक्यावरची बारीक अक्षरं कोण वाचतो? थेटवाली बसवली की मेन्सचा करंट होल्डरपर्यंत येतो, आणि खाली वीतभर अंतरावर पाणी. तेव्हा हे काम घरच्या घरी करू नये. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच, आणि वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता तिथूनच खाली टपकतं.

झाडांचं दुखणं निराळंच. आपल्या कोकणातल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पतीच्या काही जाती उगवतात. टँकमध्येही याच कुळातली झाडं लावतात. उजेड एकदम बदलला की त्यांची पानं काचेसारखी पारदर्शक होतात आणि दोन-चार दिवसांत विरघळून जातात. मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात, पण तोवर लोक झाड मेलं समजून उपटून टाकतात. वर एलईडी पूर्ण जोरात ठेवली की काचेवर हिरवं शेवाळ चढतंच. सुरुवातीला सहा तासच लावावी, मंद करायची सोय असेल तर मंद ठेवावी, आणि झाडं सावरली की वेळ वाढवावा.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, गृहोपयोगी वस्तू आणि वाहनं असे चार विभाग आहेत. फिश टँकचे दिवे, फिल्टर, हीटर यांना गृहोपयोगी वस्तूंत स्पष्ट जागा द्यावी. आणि एवढा नियम करावा: स्वतःच्या खास मापाचा सुटा भाग बंद करणाऱ्या कंपनीने त्याची लांबी, होल्डरचा प्रकार आणि चोकचं रेटिंग आधी जाहीर करावं, आणि होल्डर सुटे विकावेत. ट्यूब नको, माप द्या. पट्टी आम्ही बनवून घेऊ. अॅल्युमिनियमचं चॅनेल आणि एलईडी स्ट्रिप कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

आपला,
एक वायरमन वाचक, डोंबिवली (पूर्व)