डायव्हच्या आधी पाणी पिऊ नका? का बरं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आइसलंडच्या सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या भेगेतल्या डायव्हिंगवरचा लेख वाचला, फोटो एकदम भारी, पण शेवटच्या चौकटीत 'ड्रायसूट घालायचा असल्याने आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्या' असं जे छापलंय ते प्लीज दुरुस्त करा. ड्रायसूट म्हणजे पाणी आत येऊ न देणारा पोशाख, त्यात मध्येच लघवी लागू नये म्हणून हा सल्ला. आमच्याकडे बायकांना हे शिकवावं लागत नाही, सकाळी ठाणे स्टेशनला लोकलसाठी उभ्या असलेल्या कितीतरी जणी पुढे सोय नसते म्हणून घसा कोरडा ठेवूनच घरातून निघतात. पण डायव्हिंगचे डॉक्टर डिहायड्रेशन ही बेंड्सचा, म्हणजे वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणाऱ्या त्रासाचा, धोका वाढवणारी गोष्ट मानतात. आणि पाणी न पिऊन फायदाही नाही हो, कारण पाण्यात उतरलं की दाबामुळे पायातलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं रक्त जास्तच झालंय, मग किडनी जोरात कामाला लागते, त्यात थंडी, म्हणजे लागायची ती लागतेच.

मालवण-तारकर्लीला हा प्रश्नच नाही, तिथे वेटसूट, त्यात पाणी शिरतंच, म्हणून सगळे आतच उरकतात आणि वर आल्यावर कोणी कबूल करत नाही. ड्रायसूट आतून कोरडा असतो, आतले गरम कपडे भिजले की ऊब संपली, आणि सिल्फ्राचं पाणी 2 ते 4 डिग्री. अर्थात तिथली टूर छोटी असते, आधी टॉयलेटला जाऊन या, बास. फारच भीती वाटत असेल तर मोठ्यांचा डायपर घाला, त्यात लाज कसली.

पण ज्यांना स्वतःचा ड्रायसूट घ्यायचाय, स्कॉटलंडला स्कापा फ्लोमध्ये 1919 साली बुडवलेली जर्मन जहाजं वगैरे बघायला जायचंय, त्यांनी पी-व्हॉल्व्हचा विचार जरूर करावा. हा मांडीवर बसवलेला एकतर्फी व्हॉल्व्ह, आतून नळी येते, लघवी बाहेर जाते, समुद्राचं पाणी आत येत नाही. दोन प्रकार आहेत. साधा म्हणजे अनबॅलन्स्ड स्वस्त आणि त्यात बिघडण्यासारखं कमी, पण खाली जाताना नळीतली हवा दाबली जाते आणि नको त्या जागी ओढ बसते, चांगलंच दुखतं, म्हणून लोक उतरता उतरता थोडी करून नळी भरून घेतात. बॅलन्स्डमध्ये सूटमधली हवा नळीत येऊ शकते त्यामुळे दाब सारखा राहतो. माझं मत विचाराल तर पैसे थोडे जास्त गेले तरी बॅलन्स्डच घ्या, गिअरमध्ये काटकसर करायला दुसऱ्या जागा आहेत. काहींना बाहेरून फिरवून उघडायची चकती असते, ती बंद राहिली आणि तुम्ही मोकळे झालात तर जोडणी आत सुटते आणि मग सगळं सूटमध्ये!

पुरुषांचं सोपं, नळीच्या टोकाला कंडोम कॅथेटर, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना लावतात तोच, मेडिकलमध्ये मिळतो. फक्त आतून गोंद असलेला, आपोआप चिकटणारा बघा, लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर सिलिकॉनचा, आणि साइज खरी घ्या, इथे मोठेपणा दाखवून उपयोग नाही, सैल झाला की निघालाच. आम्हा बायकांसाठी शी-पी नावाचा सिलिकॉनचा कप येतो, तो त्वचेला मेडिकल ग्लूने चिकटवायचा, त्यासाठी केस काढावे लागतात आणि नीट बसेपर्यंत घरच्या बाथरूममध्ये बऱ्याचदा प्रॅक्टिस करावी लागते. हे कुठल्याच ट्रॅव्हल लेखात कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय, छापायला संकोच वाटत असेल तर माझा नाइलाज आहे.

व्हॉल्व्हसाठी सूटला भोक पाडतात, त्यामुळे आधी सूट घालून उभं राहून, गुडघ्यावर बसून हात कुठे पोचतो ते बघा, खिशाखाली येऊ देऊ नका, आणि काम ड्रायसूट दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या. डायव्ह झाला की नळी गोड्या पाण्याने, मग जंतुनाशकाने धुवून पूर्ण सुकवायची, कंटाळा करायचा नाही. थायलंडच्या गुहेतून मुलं बाहेर काढणाऱ्या टीममधले ऑस्ट्रेलियन डॉक्टर रिचर्ड हॅरिस यांनी 2009 मध्येच पी-व्हॉल्व्हमुळे होणाऱ्या मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनबद्दल लिहून ठेवलंय. डायव्हनंतर जळजळ झाली, ताप आला तर डॉक्टरला व्हॉल्व्हचं आवर्जून सांगा, नाहीतर आपल्याकडच्या डॉक्टरच्या ते डोक्यातही येणार नाही.

आपली,
एक डायव्हर वाचक, नेरूळ