यंत्र चुकलं, नोटीस माझ्या मुलीला

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री, नवी दिल्ली.

महोदय,

सविनय नमस्कार. मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक. माझी मुलगी एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. गेल्या आठवड्यात विमान उतरणीला लागलं असताना ऑटोपायलटने, म्हणजे विमान आपोआप उडवणाऱ्या यंत्राने, ठरलेली उंची धरलीच नाही, विमान खालीच निघालं. तिने ऑटोपायलट बंद केला, हाताने विमान सरळ केलं. कप्तान वेग आणि उंची मोठ्याने वाचत होते. विमान सावरल्यावरच जमिनीवरच्या हवाई नियंत्रण कक्षाला कळवलं. आधी उडवा, मग दिशा बघा, बोलणं शेवटी, असंच त्यांना शिकवतात. खाली आल्यावर तिने सगळं खरं लिहून दिलं. बक्षीस? ड्युटी बंद आणि खुलाशाची नोटीस!

घटना न घाबरता कळवा, असं तुमचंच डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं कार्यालय, सांगतं ना? मग कळवणाऱ्याला वाली कोण?

ऑक्टोबर 2018 मध्ये लायन एअरच्या विमानात एकच सेन्सर बिघडला आणि एमकॅस नावाची आपोआप चालणारी प्रणाली विमानाचं नाक खाली दाबत राहिली. आदल्या रात्री त्याच विमानाच्या वैमानिकांनी ट्रिमचे, म्हणजे शेपटीचा पंख आपोआप हलवणाऱ्या मोटरचे, कट-आउट स्विच बंद करून ते सुखरूप उतरवलं होतं. पण नोंदीत ही गोष्ट पूर्ण आलीच नाही. सकाळी 189 जीव गेले. कप्तान आपल्या दिल्लीचा पोरगा होता. एमकॅस कसं चालतं, हे वैमानिकांच्या पुस्तकात नव्हतंच! पाच महिन्यांत इथिओपियात त्याच जातीच्या विमानात आणखी 157.

इकडे आमचं वेगळं काय आहे? महसूल मंडळातलं हवामान केंद्र सांगेल तेच तापमान पीकविम्यासाठी खरं, बागेत केळी करपली तरी विमा नाही. यंत्र नेहमी खरं, माणूस नेहमी खोटा. अधिकारी बांधावर येत नाही, साहेब कॉकपिटमध्ये जात नाहीत.

तिच्या शिक्षणाचं कर्ज माझ्या सातबाऱ्यावर आहे. उड्डाण नाही तर भत्ता नाही, हप्ता मात्र थांबत नाही. लग्नकार्यात लोक विचारतात, "दादा, पोरीनं काय केलं हो?" काय सांगू? विमान वाचवलं म्हणून घरी बसलीय?

नोटीस मागे घ्यायला लावा. सिम्युलेटरमध्ये आधी न सांगता बिघाड द्या, हाताने उडवायचा सराव वाढवा. खुलाशाची मुदत सोमवारपर्यंत आहे. नाहीतर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शिक्का मारून हे पत्र त्याच कंपनीकडे धाडाल, ठाऊक आहे मला.

आपला,
एक केळीवाला बाप