लाकडाच्या बिलात मापे हवीत

संपादक महोदय,

मी कळव्यात तीस वर्षे सुतारकाम केले. परवा शेजारच्या वहिनींनी घरदुरुस्तीचे बिल दाखवले: चार चौकटी, सागवान, 8 घनफूट. मापे मात्र कुठेच नव्हती.

टेप घेऊन बसलो. चौकट 7 बाय 3 फूट, उंबरठा नाही, म्हणजे एकीला 17 फूट लाकूड. चार मिळून 68. जाडी-रुंदी अडीच बाय पाच इंच. 68 गुणिले अडीच गुणिले पाच, भागिले 144 (एका चौरस फुटात इतके चौरस इंच), झाले 5.9 घनफूट. कापणीची तूट दहा टक्के धरली तरी साडेसहा. मग आठ कसे? अडीचचे तीन धरले की तुटीसह बरोबर आठाजवळ जाते! रंध्याने सूत-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाते हे मान्य, पण अर्धा इंच नाही.

सागवानाचा भाव घनफुटाला हजारांत आहे. वहिनींनी त्या पैशांसाठी भिशी मोडली होती, म्हणून जीव तुटला.

ठाण्यातल्या वखारवाल्यांना आणि ठेकेदारांना कळकळीची विनंती: बिलावर प्रत्येक नगाची लांबी, रुंदी, जाडी लिहा. गिऱ्हाइकांनीही लाकूड बसवण्याआधी मोजून घ्यावे. रंग चढल्यावर काही बोलता येत नाही.

– एक निवृत्त सुतार, कळवा, ठाणे