शीप्सटोरची थडगी पाडू नका, पण पूर्ण सांगा

महोदय,

वसाहतकाळातील पुतळे ठेवावेत की हटवावेत, हा वाद वाचताना मला डेव्हनमधील डार्टमूरच्या माळावरचे शीप्सटोर आठवते. या चिमुकल्या गावातील सेंट लिओनार्ड चर्चच्या आवारात बोर्निओतील सारावाकच्या तिन्ही ‘गोऱ्या राजां’ची थडगी आहेत. एका इंग्रज घराण्याने तिथे १८४१ ते १९४६ अशी शंभराहून अधिक वर्षे राज्य केले!

पहिला राजा जेम्स ब्रुक. त्याचा जन्म १८०३चा, आपल्या बनारसजवळचा. कंपनीच्या बंगाल फौजेत असताना आसामात, बर्माविरुद्धच्या पहिल्या युद्धात तो जखमी झाला. पुढे बंड मोडायला मदत केली म्हणून ब्रुनेईकडून त्याला सारावाक मिळाले. त्याच्यानंतर आलेला चार्ल्स हा त्याचा भाचा; गादीसाठी त्याने मामाचे आडनाव लावले. जेम्सचे थडगे घडीव तांबड्या ग्रॅनाइटचे, तर चार्ल्सच्या समाधीवर डार्टमूरचाच ओबडधोबड दगड.

ही थडगी जपलीच पाहिजेत. मेलेल्यांशी कसले वैर? पण १८४९ मध्ये सारावाकमधील बेतिंग मारू इथे जेम्सच्या मोहिमेत तिथल्या इबान या आदिवासी जमातीचे शेकडो लोक मारले गेले. ‘चाचेगिरीचा बंदोबस्त’ म्हणवलेल्या त्या कत्तलीवर खुद्द ब्रिटिश संसदेत वादळ उठले, सिंगापुरात चौकशी आयोग बसला. आरोप सिद्ध झाले नाहीत, पण माणसे गेली ती गेलीच. थडग्यांची माहिती देताना प्रत्येकाने इबानांचाही उल्लेख आवर्जून करावा, एवढीच कळकळीची विनंती.

— एक वाचक, पुणे